पडद्यावर छत्तीस फूट

शांभवी हुक्केरी मुळातच भित्री. झुरळाला किंवा पालीला ती भ्यायची नाही. झुरळ ती चपलेनं मारायची आणि चप्पल धुऊन ठेवायची. तिला भीती असायची आपल्या हातून काही चुकेल याची. गडहिंग्लजला तिच्या वडिलांचं, बसाप्पांचं, किराणा-भुसाराचं दुकान होतं. शाळकरी शांभवी दुकानात बसली की गिऱ्हाइकाला साखर बांधून द्यायची आणि मग त्याच्या मागं रस्त्यापर्यंत धावत जायची, साखरच दिली ना, मीठ नाही ना दिलं, हे बघायला. तिची आई, अव्वा, म्हणायची, ही पोरगी ताकच काय, विहिरीचं पाणीसुद्धा फुंकून पिईल.

असल्या माणसाला शहाणी माणसं सरकारी कचेरीत चिकटवतात. शांभवी कॉम्प्युटर शिकली. कोल्हापुरात पदवी घेतली आणि पंचधारा दूध संघात नोकरीला लागली. कसबा बावड्याला एका घरात वरची खोली घेऊन ती राहायची आणि कामावर निघताना कुलूप लावलं का हे बघायला जिन्यातून दोनदा परत जायची. घरमालकीण हसायची. पण हीच भीती संघात तिच्या कामी आली. तिनं केलेलं काम दुसऱ्या कुणाला तपासावं लागत नाही, अशी तिची ख्याती झाली. पुण्याच्या एका कंपनीनं संघाला पोर्टल बसवून दिलं आणि कंपनीची माणसं गाशा गुंडाळून गेली, तेव्हा ते सांभाळायला कुणाच्या हाती द्यायचं याची चर्चासुद्धा झाली नाही.

पोर्टल म्हणजे संघाच्या सगळ्या कारभाराचं एक पान. त्या पानावर चौकटी. एका चौकटीत आज किती दूध आलं, दुसरीत कोणता टँकर कुठल्या रस्त्यानं जाणार, तिसरीत पशुखाद्याचा साठा, चौथीत जनावरांच्या डॉक्टरांचा फेरा. या चौकटीला पोर्टलेट म्हणतात. टँकर विभागाचे प्रमुख गणपतराव तिला डबी म्हणाले आणि संघात तेच नाव रुळलं. शांभवीनं ठरवायचं ते असं: कुणाच्या पानावर कुठली डबी दिसावी, कुठली दिसू नये, डबीनं माहिती कुठून घ्यावी, किती वेळानं ताजी करावी, आणि माहिती आलीच नाही तर काय दाखवावं.

माहिती आली नाही, की डबीवर लाल पट्टी यायची. पट्टीवर लिहिलेलं असायचं, माहिती उपलब्ध नाही. कंपनीनं तसंच करून दिलं होतं आणि शांभवीला ते आवडलं होतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे तिथं स्वच्छ लिहिलेलं दिसायचं.

नदीच्या पाण्याची डबी तिनं स्वतः जोडलेली. पंचगंगेवरच्या बंधाऱ्याजवळ संघाचं दूध थंड करायचं केंद्र होतं. तिथला कारकून पाण्याची पातळी बघून कॉम्प्युटरवर भरायचा आणि फोनच्या तारेवरून तो आकडा कोल्हापुरात यायचा. एकोणचाळीस फुटांना इशारा. आकडा तिथं पोचला, की नदीकाठचे रस्ते टँकरच्या डबीत आपोआप बंद दिसायचे. पूर्वी पावसाळ्यात गणपतराव रोज पहाटे गावोगावच्या दूध संस्थांना फोन लावून ओढ्याला पाणी किती म्हणून विचारत. पोर्टल आल्यावर फोन सुटला. संघाचं बिल कमी झालं आणि गणपतरावांचा घसाही वाचला.

उद्घाटन ठरलं २००५ च्या अक्षय्यतृतीयेला. आदल्या दिवशी अध्यक्ष हंबीरराव रंगीत तालीम बघायला आले. हंबीरराव म्हणजे पांढऱ्या टोपीचा, सहा फुटी, मोठ्या आवाजाचा माणूस. आवाज मोठा असला तरी मन वाईट नव्हतं. पण भित्र्या माणसाला मन कुठून दिसणार? त्याला आवाजच ऐकू येतो. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर पोर्टल उघडलं. नेमकी त्याच वेळी तार गेली आणि चार डब्यांवर लाल पट्ट्या आल्या.

"ह्ये लाल काय हाय?" हंबीररावांनी विचारलं.

शांभवीनं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उद्या चार जिल्ह्यांचं पावणं येणार. त्यांच्या म्होरं घरातलं भांडण दाखवायचं व्हय? झाकली मूठ सव्वा लाखाची. लाल दिसता कामा न्हाय."

माणसाला नाही म्हणता येत नसलं की त्याचं डोकं भलतंच चालतं. शांभवीनं त्या संध्याकाळी व्यवस्थापनाच्या पानावर जाऊन सगळ्या डब्यांना एकच आज्ञा दिली: नवी माहिती मिळाली नाही, तर शेवटचा मिळालेला आकडाच दाखवत राहायचं, पट्टी दाखवायची नाही. डबीच्या तळाशी बारीक अक्षरात शेवटच्या नोंदीची वेळ दिसायची. जुनी वेळ दिसली तर पाहुणे विचारतील, म्हणून ती ओळही तिनं काढून टाकली. समारंभ आटोपला की परत पहिल्यासारखं करायचं, असं तिनं मनाशी घोकलं.

समारंभ झाला. नारळ फुटला, कॉम्प्युटरला हळद-कुंकू लागलं, पाहुण्यांनी माना डोलावल्या. हंबीररावांनी सगळ्यांच्या देखत शांभवीच्या पाठीवर थाप मारली आणि सांगितलं, "आता ह्याला हात लावायचा न्हाय. हाय असंच राहू दे."

झालं. शांभवीनं हात लावला नाही. लावायचं मनात नव्हतं असं नाही. एकदा ती अध्यक्षांच्या खोलीच्या दारापर्यंत गेली; आत कुणाला तरी फैलावर घेणं चाललं होतं, ती तशीच माघारी आली. दुसऱ्यांदा ते परगावी होते आणि तिला सुटल्यासारखं वाटलं. आकडे बहुतेक वेळा ताजेच यायचे. तार गेली तरी घटकाभरानं यायची. कुणाचं काही बिघडलं नाही. बाईनं आयुष्यभर नको त्याची काळजी केली आणि जिथं करायची तिथं मनाची समजूत घातली. माझा राग तिच्यावर आहे तो एवढ्यासाठी, आणि तो अजून गेलेला नाही.

पिराजी कांबळेची ओळख आता करून द्यायला हवी. पिराजी टँकरवर ड्रायव्हर, गडमुडशिंगीचा. टँकरच्या पुढच्या काचेवर निळ्या अक्षरांत जय भीम लिहिलेलं. घरी आई, धोंडुबाई. लग्न ठरत आलेलं. पोर्टल सुरू झाल्यावर आपली गाडी त्यात दिसते असं ऐकून तो एकदा वर कॉम्प्युटरच्या खोलीत आला, दाराशी चपला काढल्या आणि लांबूनच पडद्याकडं बघत राहिला. शांभवीनं त्याला त्याच्या टँकरचा नंबर दाखवला. चुकून दुसऱ्याचा तर दिसत नाही ना, म्हणून पुन्हा तपासला. पिराजी खाली जाऊन सगळ्या ड्रायव्हरांना सांगत सुटला, की ताई एक आकडा दोन-दोनदा बघते.

जुलै संपत आला तेव्हा धरणांतून पाणी सोडल्याच्या बातम्या यायला लागल्या. पंचगंगा पात्राबाहेर गेली. कोल्हापूरला हे नवं नाही, दर दोन-चार वर्षांनी नदी गावात डोकावून जाते. अशा एका सकाळी पानावर बंधाऱ्याची पातळी छत्तीस होती. गणपतरावांनी बघितली, टँकरची डबी बघितली, शिरोळकडचा रस्ता चालू दिसत होता. पिराजीचा क्लीनर पावसामुळं आलाच नव्हता. पिराजी एकटा टँकर घेऊन निघाला.

प्रीती हिशेबाच्या विभागात होती, तिचं सासर नृसिंहवाडीचं. ती उशिरा आली, छत्री कोपऱ्यात ठेवली आणि सांगायला लागली, की रात्री सासूचा फोन आला होता. दक्षिणद्वार तर परवाच झालं. वाडीला नदी देवळात शिरून पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडते, ते दक्षिणद्वार. त्या पाण्यात अंघोळीला गावं लोटतात. पण आता अंघोळ कसली, प्रीती म्हणाली, मंडपात पुरुषभर पाणी आहे, देव वर नेऊन ठेवलेत, आणि त्यानंतर फोनच लागत नाही.

शांभवीनं हातातलं काम थांबवलं. वाडीला एवढं पाणी आणि इकडं बंधाऱ्यावर छत्तीस? तिनं पडद्याकडं बघितलं. छत्तीस. काल संध्याकाळी घरी जाताना बघितलं तेव्हाही छत्तीसच होतं. काल दुपारीही. चढत्या नदीचा आकडा एका जागी बसून राहत नाही, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिनं केंद्राला फोन लावला. तार मेलेली होती.

ती जिना उतरून खाली गेली. तिनं गणपतरावांना विचारलं, शिरोळकडं कोण गेलंय?

"पिराजी," गणपतराव म्हणाले. "छत्तीस हुतं की. का?"

तिनं सांगितलं. गणपतरावांनी हातातला चहा खाली ठेवला आणि फोन ओढला. एका संस्थेचा लागेना, दुसऱ्या संस्थेचा लागेना. तिसरीकडं लागला, तिथला माणूस म्हणाला की टँकर मघाशीच पुढं गेला, ओढ्याच्या बाजूला. ओढ्यावर कमरेच्या वर पाणी असेल, आम्ही तिकडं जातच नाही. गणपतरावांनी फोन ठेवला. फाटकात आणखी दोन टँकर निघायच्या तयारीत उभे होते, आणि वर सभागृहात हंबीरराव संचालकांना घेऊन भिंतीवरचं पोर्टल बघत पुराचं नियोजन करत होते. त्या सगळ्यांना तोच छत्तीस दिसत होता.

शांभवी वर गेली. खुर्चीत बसली. व्यवस्थापनाचं पान उघडायला तिला एरवी क्षण लागायचा. आज पासवर्ड दोनदा चुकला. तिला हंबीररावांची भीती वाटत होती, नोकरीची वाटत होती, आणि या दोन्ही भीतींना मागं ढकलून तिसरी छातीवर येऊन बसली होती, तिच्यापुढं पहिल्या दोन पोरखेळ वाटत होत्या. अक्षय्यतृतीयेची आज्ञा तिनं काढून टाकली आणि बटण दाबलं.

सभागृहातल्या भिंतीवर एकामागून एक लाल पट्ट्या आल्या. नदीची डबी लाल. चार केंद्रांच्या दुधाची डबी लाल. डॉक्टरांची लाल. अर्धं पान लाल झालं. आतून हंबीररावांची हाक आली.

ती दारात उभी राहिली. हंबीररावांनी विचारलं, बंद पडलं का काय?

"आत्ता न्हाई पडलं, साहेब. कालपासनं बंदच हाय," शांभवी म्हणाली. "आत्ता खरं दिसालंय. लाल दिसू नये म्हणून मी जुनाच आकडा दाखवाय लावलं हुतं. उद्घाटनापासनं. पिराजी त्या आकड्यावर गेलाय."

आता आवाज फुटेल म्हणून तिनं डोळे मिटून घेतले. तो फुटला नाही. लाल न दाखवायला कुणी सांगितलं होतं, हे त्या खोलीत दोघांना माहीत होतं. हंबीररावांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. त्यांना बोडक्या डोक्यानं संघात कुणी बघितलं नव्हतं. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "पिराजीच्या घरात कोण कोण हाय?"

या प्रश्नानं तिच्या पाचावर धारण बसली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

फाटकातले टँकर थांबले. पोलिसांना, तहसीलला निरोप गेले. पुराच्या दिवसांत कुठल्या निरोपाला कधी उत्तर येतं? ओढ्याच्या पुलापाशी टँकर आडवा पडल्याचं कुणीतरी लांबून बघितलं होतं, एवढंच दुपारी कळलं. ड्रायव्हरचं काही कळलं नाही.

शांभवीला संघात बसवेना. गडमुडशिंगीला कुणीतरी जायला हवं होतं आणि कुणी उठत नव्हतं. ती जीपमध्ये बसली. रस्ताभर ती वाक्यं जुळवत होती. धोंडुबाई दारातच होत्या. जीप बघून त्या गोंधळल्या, पण संघातली बाई घरी आली म्हणून त्यांनी आधी घोंगडं अंथरलं आणि चुलीवर चहा टाकला. शांभवीनं सांगितलं ते एवढंच, की पाण्यामुळं पिराजीची गाडी तिकडं अडकलीय, निरोप यायचाय. अडकलीय हा शब्द तिनं जीपमध्येच निवडून ठेवला होता.

धोंडुबाईंनी तिच्याकडं निरखून बघितलं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडलेला बघून त्यांनाच तिची दया आली. त्या जवळ सरकल्या आणि तिचा हात धरून म्हणाल्या, "भिऊ नगंस बाई. त्यो पाण्याला लई भितोय. ल्हानपणी हिरीत पडलता. पाणी बघितलं की गाडी मागं घेतोय त्यो. येतंय बघ सांजच्यापातूर."

शांभवीनं हात सोडवून घेतला नाही. चहा गार होऊन गेला. सांज झाली. शेजारच्या बायका आल्या, बसल्या, उठून गेल्या. बाहेर मोटारसायकल वाजली की धोंडुबाई उठायच्या आणि शांभवी दाराकडं बघायची नाही, कारण येणारा माणूस काय घेऊन येईल ते ठाऊक नव्हतं. न येणारा बरा, असं तिला वाटायला लागलं. निरोप नाही तोवर पिराजी आहे. इतकी खालची प्रार्थना तिनं आयुष्यात कधी केली नव्हती.

निरोप आला दुसऱ्या दिवशी. गुऱ्हाळात रस उकळायची मोठी काहील असते, पुरात तिकडची माणसं तिचीच नाव करतात. तसल्या एका काहिलीत बसून गावातली चौघं ओढ्याकाठच्या एका बाभळीपर्यंत गेली होती. पिराजी रात्रभर त्या बाभळीला मिठी मारून होता. टँकर पुलावरून घसरला तेव्हा काच फोडून तो बाहेर पडला. एक पाय मोडला, अंगभर काटे घुसले, पण जीव होता. गणपतराव रडले. हंबीररावांनी जोतिबाला नारळ पाठवला. शांभवी संघाच्या जिन्यात जाऊन बसली.

संघात मग जे बोललं जायचं ते बोललं गेलं. एवढं पाणी दिसत असताना गाडी घातलीच कशी? प्यालेला असणार. या लोकांना मस्तीच असते, असंही एक संचालक बोलला, आणि 'या लोकांना' म्हणताना त्यानं जो आवाज काढला तो सगळ्यांना कळला. सभागृहात शांभवी काय बोलली होती ते संचालकांनी ऐकलेलं होतं, तरी ते खालच्या मजल्यापर्यंत पोचलं नाही. डबीचं नाव कुणी काढेना. पोर्टलवर तिनं शेवटच्या नोंदीची ओळ परत आणली, लाल पट्ट्या येऊ लागल्या, त्यावरही कुणी काही म्हणालं नाही. पिराजीला एवढंच कळलं, की चौकशी लागलीय आणि आपल्यावर ठपका येणार.

ती त्याला भेटायला दवाखान्यात गेली तेव्हा त्याचा पाय प्लास्टरमध्ये वर टांगलेला होता. धोंडुबाई खाटेच्या पायथ्याशी पंख्यानं वारा घालत बसल्या होत्या. त्यांनी शांभवीला स्टूल दिलं आणि पिराजीला सांगितलं, त्या दिवशी ही लेकीसारखी बसून राहिली बघ. शांभवीला ते वाक्य सोसेना. ती सगळं सांगायलाच आली होती, सुरुवात कुठून करायची ते ठरवत होती. तेवढ्यात पिराजीनंच विचारलं.

"ताई, छत्तीसच हुतं न्हवं?"

तिनं स्टूल खाटेजवळ ओढलं.

"मी गाडी थांबवलती पुलाआधी," तो म्हणाला. "खाली उतरून बघितलं. पाणी लई हुतं. पुलाच्या खांबावरची पांढरी निशाणी दिसतच नव्हती. माघारी वळवणार हुतो. पर गणपतराव म्हणालं हुतं, पडद्यावर छत्तीस हाय, रस्ता चालू हाय. म्हटलं, ताई दोनदा बघून लिवती. तिचं कशाला चुकंल? मला पाण्याचं भ्या हाय, म्हणून मलाच जादा दिसालंय. भ्या गिळून घातली गाडी." तो थांबला. "आता समदी म्हणालेत प्यालतो. मी प्यालो नव्हतो. पर मला खरंच कळंना, मला दिसलं ते काय हुतं. म्हणून इचारतो. छत्तीसच हुतं न्हवं?"

"पडद्यावर छत्तीस हुतं," शांभवी म्हणाली. "नदीला नव्हतं. नदीला त्रेचाळीसच्या वर हुतं. आकडा आदल्या दिवसाचा हुता, पिराजी. जुना आकडा नवा म्हणून दिसावा, असं मीच करून ठेवलं हुतं. मी तसं चौकशीत लिहून देणार हाय. तुझी चूक न्हाई. माझी हाय."

धोंडुबाईंचा पंख्याचा हात थांबला. पिराजी छताकडं बघत होता. तो रागावेल, शिव्या देईल, जा म्हणेल, या सगळ्याची तयारी तिनं करून ठेवली होती. त्यानं यातलं काहीच केलं नाही. त्यानं मान तिच्याकडं वळवली.

"म्हंजे माझं डोळं बरोबर हुतं," तो म्हणाला.

एवढं बोलून त्यानं काट्यांनी सोललेला हात डोळ्यांवर आडवा घेतला आणि त्याचं अंग हुंदक्यांनी हलायला लागलं. धोंडुबाई उठून त्याच्या उशाशी गेल्या. त्यांनी शांभवीकडं बघितलं नाही. शांभवी स्टुलावर तशीच बसून राहिली. तिला उठून जायची भीती वाटत होती आणि बसून राहायचीही.